टाचेवरचा मेलॅनोमा : उपचार, संशोधन आणि माझ्या वाट्याचे आकडे

मेलॅनोमा हा कातडीतल्या रंगपेशींचा कर्करोग उन्हाने आणि गोऱ्या कातडीच्या लोकांनाच होतो, अशी आपल्याकडे शिकल्यासवरल्या लोकांचीही समजूत असते, आणि ती निम्मी खरी आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत, जिथे युरोपीय वंशाचे लोक कडक उन्हात राहतात, त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. भारतात वर्षाला लाखामागे एक नवा रुग्णही सापडत नाही. उरलेली निम्मी गोष्ट अशी की, सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांत हा रोग बहुधा ऊन न लागणाऱ्या जागी होतो : तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. या प्रकाराला ॲक्रल मेलॅनोमा म्हणतात. जमैकाचा गायक बॉब मार्ली १९८१ साली वयाच्या ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झालेल्या याच रोगाने.

माझा डाग डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेवर होता. मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. २०२३ च्या पावसाळ्यापासून पुढच्या दीड-दोन वर्षांत निदान, शस्त्रक्रिया आणि औषधोपचार या साऱ्यांतून मी गेले, आणि नेमक्या याच काळात मेलॅनोमाच्या संशोधनातील काही मोठे निष्कर्ष जाहीर होत होते. त्यामुळे उपचाराच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर डॉक्टरांशी होणारे बोलणे एकाच प्रश्नापाशी येऊन थांबत असे : हा आकडा ज्या रुग्णांवरून काढला, त्यांत माझ्यासारखे किती होते?

डाग प्रथम लक्षात आला तेव्हा जेमतेम ३-४ मिलिमीटरचा होता. आमच्या भागात टाचेला भेगा पडणे, कुरूप होणे, काटा मोडून आत राहणे हे इतके नित्याचे आहे की टाचेवरच्या काळ्या ठिपक्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहत नाही. एका दवाखान्यात ते कुरूप ठरवून खरवडण्यात आले आणि वर कॉर्न कॅप चिकटवून देण्यात आली. डाग पुढे वाढला, त्याची एक कडा तुटक, वेडीवाकडी झाली आणि मध्येच निळसर छटा आली, तेव्हा माझ्या मुलीने मला सांगलीतील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले.

त्यांनी टाचेवर जेल लावून डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून पाहण्याचे भिंग, टेकवला आणि दिसणारे चित्र संगणकाच्या पडद्यावर मोठे करून दाखवले. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या ज्या रेषा असतात, त्यांत उंचवटा आणि चर अशी आलटूनपालटून रचना असते, आणि घामाची छिद्रे उंचवट्यांवर उघडतात. साध्या तिळाचा रंग बहुधा चरांतून धावतो, तर मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर पसरतो. हा भेद जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून पक्का केला. त्यांच्याकडे मेलॅनोमा होतो तो मुख्यतः हाच, त्यामुळे तळपाय बारकाईने पाहण्याची गरज त्यांनाच पडली. माझ्या डागात तपकिरी-काळे पट्टे रुंद होते आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध बारीक पांढऱ्या ठिपक्यांची एकेक ओळ गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, “मॅडम, हे पांढरे ठिपके म्हणजे घामाची छिद्रे. ती ज्या पट्ट्यावर आहेत तोच पट्टा काळा आहे, आणि मला नेमके हेच आवडलेले नाही.” एवढे बोलून त्यांनी बायॉप्सीची चिठ्ठी लिहिली. संपूर्ण निदानप्रक्रियेत मला सर्वांत विश्वासार्ह वाटलेला क्षण तो होता, कारण तिथे कोणी आकड्यांनी मन वळवत नव्हते. जे होते ते पडद्यावर दिसत होते.

मेलॅनोमाचा संशय असलेला लहान डाग शक्यतो संपूर्ण काढूनच तपासायला पाठवतात. टाचेवर तसे करणे अवघड असल्याने माझ्या डागाच्या सर्वांत जाड वाटणाऱ्या भागातून तुकडा घेण्यात आला. अहवालात मेलॅनोमा होता, आणि त्याखाली जाडी लिहिली होती : किमान २.४ मिलिमीटर. या जाडीला ब्रेस्लो जाडी म्हणतात. ॲलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगात बसवलेल्या मोजपट्टीने कातडीच्या वरच्या थरापासून सर्वांत खोल गेलेल्या कर्करोगी पेशीपर्यंतचे अंतर मोजले, तर रुग्णाचे पुढे काय होईल याचा बराचसा अंदाज करता येतो. जनुकांच्या याद्या वाचणाऱ्या आजच्या काळातही उपचाराचे पहिले पान याच मोजमापावरून लिहिले जाते, याचे मला विलक्षण कौतुक वाटते. ०.८ मिलिमीटरखालचा, व्रण (वरची कातडी फुटून झालेली जखम) नसलेला मेलॅनोमा बहुधा साध्या शस्त्रक्रियेने बरा होतो; माझा त्याच्या तिप्पट जाड होता.

पुढचे उपचार मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात झाले. तिथे काचपट्ट्या पुन्हा वाचल्या गेल्या, पेट स्कॅन झाला, आणि दूरच्या अवयवांत काही दिसत नाही हे कळल्यावर शस्त्रक्रिया ठरली. तिचे दोन भाग होते. पहिला भाग म्हणजे डाग त्याच्या भोवतालच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीसह काढणे. २ मिलिमीटरपेक्षा जाड मेलॅनोमासाठी ही कड २ सेंटिमीटर घेतात, आणि टाचेवर चारी बाजूंनी २ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ टेकायची जागाच जाते. १ सेंटिमीटर कड पुरेल का, हे पाहणारी ‘मेलमार्ट-२’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू आहे, हे मी वाचले होते आणि मोठ्या आशेने शस्त्रक्रियातज्ज्ञांना विचारलेही. त्यांनी मला उलट दिशेचे संशोधन सांगितले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील बोरिस बॅस्टियन यांच्या गटाला ॲक्रल मेलॅनोमाच्या दृश्य कडेपलीकडे, सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ निरोगी भासणाऱ्या कातडीतही, जनुकांच्या वाढीव प्रती असलेल्या एकेकट्या रंगपेशी सापडल्या होत्या. चाचणीचा निकाल लागेपर्यंत टाचेवर काटकसर करायची नाही, असे त्यांचे मत होते आणि मला ते पटले.

दुसरा भाग सेंटिनेल नोडचा. डागाच्या जागेतून लसिका (ऊतींतून निथळणारा पातळ द्रव) ज्या ग्रंथीत सर्वांत आधी पोहोचते, तीच तेवढी काढून तपासायची, ही पद्धत डोनाल्ड मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली मेलॅनोमासाठीच मांडली. स्तनाच्या कर्करोगात तिचा वापर पुढे सुरू झाला. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टाचेवरील डागाभोवती किरणोत्सारी टेक्नेशियमची बारीक इंजेक्शने दिली. टाचेच्या जाड कातडीत ती सुई शिरताना जी कळ येते, तिची कल्पना मला कोणी दिली नव्हती. ती दोन मिनिटांची असली तरी बायॉप्सीपेक्षा नक्कीच जास्त होती. मग कॅमेऱ्याखाली झोपवून प्रवाह कुठवर जातो ते पाहिले. पायाच्या इतर भागांतील लसिका सहसा थेट जांघेत जाते, पण टाचेच्या बाहेरच्या भागातून ती कधीकधी गुडघ्यामागच्या ग्रंथींत थांबते, म्हणून तंत्रज्ञाने मला पालथे करून गुडघ्यामागेही चित्रे घेतली. तिथे काही दिसले नाही. जांघेत दोन ठिपके उजळले. भूल दिल्यावर निळा रंगही टोचण्यात आला, आणि त्याची खूण म्हणजे दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग हिरवट-निळा होता. परिचारिकेने आधी सांगून ठेवले म्हणून बरे, नाहीतर माझी घाबरगुंडी उडाली असती.

टाच भरून काढण्यासाठी तळव्याच्या कमानीतील कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसह फिरवून टाचेवर आणली आणि कमानीच्या रिकाम्या जागी मांडीवरून घेतलेली पातळ कातडी लावली. टाचेवर भार सोसण्यासाठी तळव्याचीच कातडी हवी, मांडीची तिथे टिकत नाही, हे कारण मला समजावून सांगितले होते. त्यानंतरचे आठवडे वॉकर, उंचावर ठेवलेला पाय आणि मांडीच्या त्या उघड्या जागेची आग यांत गेले. टाचेपेक्षा मांडीच अधिक दुखते, हे ज्यांचे त्वचारोपण झाले आहे ते सगळे सांगतील.

अहवाल आला. अंतिम जाडी २.६ मिलिमीटर, व्रण नाही, कडा स्वच्छ. आणि जांघेतील दोन ग्रंथींपैकी एकीत ०.४ मिलिमीटरचा कर्करोगी पेशींचा पुंजका. म्हणजे तिसरा टप्पा, त्यातला ‘ब’. घरी सर्वांची पहिली प्रतिक्रिया हीच की, मग जांघेतल्या राहिलेल्या सगळ्या ग्रंथी काढून टाकाव्यात. काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टरही तेच करत असत. ते थांबले दोन चाचण्यांमुळे : जर्मनीतील एक, जिचे निष्कर्ष २०१६ साली आले, आणि २०१७ ची ‘एमएसएलटी-२’. या दुसरीत १,९०० हून अधिक रुग्ण होते. ज्यांच्या सेंटिनेल ग्रंथीत रोग सापडला त्यांपैकी निम्म्यांच्या उरलेल्या ग्रंथी काढल्या आणि निम्म्यांना फक्त वेळोवेळी सोनोग्राफी करून लक्षाखाली ठेवले. तीन वर्षांनी मेलॅनोमाने न दगावलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ८६ टक्केच भरले. फरक पडला तो सुजेत : ग्रंथी काढलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांना हात किंवा पाय सुजण्याचा त्रास झाला, दुसऱ्या गटात सुमारे ६ टक्क्यांना.

या चाचणीतही बहुसंख्य रुग्ण गोरे होते, तेव्हा ती मला कशी लागू, असे मी विचारले. डॉक्टरांचे उत्तर असे की, इथे प्रश्न औषध लागू पडण्याचा नाही, शस्त्रक्रियेने आणखी काही साधते का याचा आहे. ग्रंथी हे रोगाचे वाटेवरचे ठाणे नसून रोग निसटल्याची खूण आहे, हे या चाचणीने दाखवले, आणि ते ॲक्रलमध्ये वेगळे असण्याचे त्यांना कारण दिसत नव्हते. ज्या एका गोष्टीसाठी मी संशोधकांची मनापासून ऋणी आहे ती हीच : केलेल्या उपचाराइतकाच न केलेला उपचारही कोणीतरी चाचणी लावून सिद्ध करावा लागतो, आणि त्यामुळे माझा पाय आज सुजलेला नाही.

जनुकीय तपासणीचा अहवाल मात्र निराशेचा होता. कातडीच्या मेलॅनोमापैकी जवळजवळ निम्म्यांत बीआरएएफ नावाच्या जनुकात उत्परिवर्तन असते, हे २००२ साली लक्षात आले आणि अवघ्या नऊ वर्षांत, २०११ साली, त्यावर नेमके काम करणारे व्हेम्युराफेनिब अमेरिकेत मान्य झाले. ॲक्रल मेलॅनोमात हे उत्परिवर्तन बरेच कमी वेळा आढळते. काहींत त्याऐवजी केआयटी हे जनुक बिघडलेले असते. माझ्यात दोन्ही नव्हते. होत्या त्या सायक्लिन डी१ या जनुकाच्या वाढलेल्या प्रती, ज्यावर आज तिसऱ्या टप्प्यासाठी मान्य असे औषध नाही.

हे असे का, याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात आहे. त्यांनी १८३ मेलॅनोमांची संपूर्ण जनुकीय वाचने केली. उन्हामुळे झालेल्या गाठींत डीएनएतील एकेका अक्षराच्या हजारो चुका होत्या, अतिनील किरणांचा ठसा असलेल्या. ॲक्रल गाठींत अशा चुका थोड्या, पण गुणसूत्रांचे मोठमोठे तुकडे तुटून भलतीकडे जोडलेले किंवा अनेक पटींनी वाढलेले. वर्गात मी गुणसूत्रांचे स्थानांतर शिकवत असे, तेव्हा ते फळमाशीच्या उदाहरणावरून शिकवत असे. आणखी एक शोधनिबंध माझ्या विषयाच्या अगदी जवळचा होता. न्यूयॉर्कमधील रिचर्ड व्हाइट यांच्या गटाने २०२२ साली झेब्राफिश या माशांवर दाखवले की, सीआरकेएल या जनुकाच्या प्रती वाढवल्या तर गाठी शरीरभर न होता प्रामुख्याने परांवर होतात. माशाचे पर म्हणजे आपले हातपाय. गर्भावस्थेत ‘तू पायाची पेशी आहेस’ हे ठरवणारी जी जनुके असतात, त्यांची खूण रंगपेशींत पुढेही राहते, आणि एखादे कर्करोगी जनुक तिथेच फोफावते जिथे ही खूण त्याला साथ देते. शिवाय तळपायावर ज्या जागी चालताना जास्त दाब पडतो, तिथे मेलॅनोमा अधिक आढळतात, हे जपानी डॉक्टरांनी २०१६ साली नोंदवले होते. माझी टाच या दोन्ही स्पष्टीकरणांत बसते. याचा उपचारात मला काडीचाही उपयोग झाला नाही. तरीही ‘मलाच का’ या प्रश्नाचे प्राणिशास्त्राच्या भाषेतले उत्तर मिळाल्याने रात्री झोप लागू लागली, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

उरली इम्युनोथेरपी. १९७५ साली मान्य झालेल्या डकार्बाझिन या केमोथेरपीच्या औषधापासून तीसपस्तीस वर्षे पसरलेल्या मेलॅनोमाचे उपचार जवळजवळ जागचे हलले नव्हते; बहुतेक रुग्ण वर्षभराच्या आत जात. रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशी कर्करोगाला ओळखत असूनही त्यांच्यावरच्या लगामामुळे थबकतात, आणि लगाम सोडवला तर त्या आपले काम करतात, ही कल्पना जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या रेणूवरून मांडली. क्योटोत तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली पीडी-१ हा तसाच दुसरा लगाम सापडला. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. पहिल्यावरचे इपिलिमुमॅब २०११ साली आले, दुसऱ्यावरची पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब २०१४ साली. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ साली यकृतात आणि मेंदूत मेलॅनोमा होता. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारांच्या जोडीने त्यांना पेम्ब्रोलिझुमॅब मिळाले, आणि ते २०२४ च्या डिसेंबरात शंभर वर्षांचे होऊन गेले. माझे उपचार चालू असताना, सप्टेंबर २०२४ मध्ये, ‘चेकमेट ०६७’ या चाचणीचे दहा वर्षांचे निकाल आले : पसरलेल्या मेलॅनोमाच्या ज्या रुग्णांना इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब ही दोन्ही दिली, त्यांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनी हयात होते, केवळ निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी ३७ टक्के, केवळ इपिलिमुमॅब घेतलेल्यांपैकी १९ टक्के. मुलीने हा आकडा फोनवर वाचून दाखवला तेव्हा तिचा आवाज कापत होता.

माझ्यासाठीचा आकडा मात्र निराळा होता. रोग काढून टाकल्यानंतर तो परतू नये म्हणून वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब देण्याची पद्धत ‘कीनोट ०५४’ या १,०१९ रुग्णांच्या चाचणीवर उभी आहे. २०१८ च्या निकालात एक वर्षानंतर औषध घेतलेल्यांपैकी ७५ टक्क्यांत रोग परतला नव्हता, तर निव्वळ सलाइन घेतलेल्यांपैकी ६१ टक्क्यांत. या चाचण्यांतील बहुतेक रुग्ण युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील गोरे, उन्हाच्या मेलॅनोमाचे. जपानमधील रुग्णालयांनी एकत्र केलेल्या, पसरलेल्या ॲक्रल मेलॅनोमाच्या १९३ रुग्णांच्या नोंदींत मात्र पीडी-१ औषधाने गाठी आकसल्या त्या साधारण सहांपैकी एकाच्याच, आणि शस्त्रक्रियेनंतर प्रतिबंधक म्हणून ते घेणाऱ्या जपानी रुग्णांतही ॲक्रलवाल्यांना लाभ कमी झालेला दिसतो. गुणसूत्रांच्या त्या अभ्यासाशी हे जुळते : एकेका अक्षराच्या चुका जितक्या जास्त, तितकी टी-पेशींना परकी वाटणारी प्रथिने जास्त, माझ्या गाठीत त्या चुकाच थोड्या. नखाखालच्या मेलॅनोमापेक्षा तळव्याच्या मेलॅनोमात औषधाचा गुण काहीसा बरा दिसला होता, एवढाच त्यात दिलासा.

माझ्या कर्करोगतज्ज्ञ बाईंनी हे काहीही लपवले नाही. त्यांनी कागदावर दोन आडव्या रेघा ओढल्या, एक गोऱ्यांच्या चाचणीची आणि एक जपानी नोंदींची, आणि म्हणाल्या, “तुमची रेघ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. नेमकी कुठे, हे सांगणारा अभ्यास अजून झालेला नाही. शून्याच्या वर आहे, इतके मी सांगते.”

मग खर्चाचा विषय निघाला. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र सरकारने पेम्ब्रोलिझुमॅबवरील मूळ सीमाशुल्क माफ केले होते, तरी एका हप्त्याची छापील किंमत माझ्या कित्येक महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढी होती, आणि हप्ता दर तीन आठवड्यांनी, वर्षभर. टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके आणि मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅबचा अगदी अल्प, २० मिलिग्रॅमचा डोस वापरून २०२२ साली लक्षणीय निकाल दाखवला होता : केमोथेरपीच्या जोडीला तो दिला असता एक वर्षानंतर ४३ टक्के रुग्ण हयात होते, आणि त्याशिवाय १६ टक्के. भारतात बसून भारतीय खिशाचा विचार करणारे हे संशोधन मला साऱ्या मोठ्या चाचण्यांहून मोलाचे वाटते. तोच अल्प डोस मला चालेल का, असे मी विचारले. बाईंनी नकार दिला : तो निकाल पसरलेल्या, वेगळ्या कर्करोगाचा आणि केमोथेरपीबरोबरचा, मेलॅनोमा परतू नये म्हणून अल्प डोस पुरतो, हे तपासलेले नाही. शेवटी विमा, काही कुप्या विकत घेतल्यावर पुढच्या विनामूल्य देणारी कंपनीची रुग्णसाहाय्य योजना आणि मुलीची बचत यांतून वर्ष निभावले. ज्यांच्याकडे यांतले काहीच नाही, त्यांना डॉक्टर हा पर्याय कोणत्या शब्दांत सांगत असतील, हा विचार डे-केअरच्या खुर्चीत बसून पुष्कळदा आला.

प्रत्यक्ष औषध घेणे अगदीच सपक असते. सकाळी रक्त तपासायचे. यकृत, मूत्रपिंड, साखर, थायरॉइड यांचे आकडे आले की औषध विभाग कुपी मिसळतो. हातात कॅन्युला, नळीत बारीक गाळणी, आणि अर्ध्या तासात पिशवी संपते. केस जात नाहीत, उलट्या होत नाहीत. त्यामुळे बघायला येणारे नातेवाईक “काकू, तुम्हाला तर काहीच झालेले दिसत नाही” असे म्हणून जातात. त्रास नंतर आणि आडून येतो, कारण सुटलेल्या टी-पेशी आपल्याच अवयवांवर जाऊ शकतात : आतड्यांवर, फुप्फुसांवर, यकृतावर, अंतःस्रावी ग्रंथींवर. म्हणूनच जुलाब, धाप किंवा न जाणारी डोकेदुखी झाली तर गावातल्या डॉक्टरांकडे परस्पर औषध न घेता आधी फोन करायचा, असे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेवायला दिले होते. माझ्या बाबतीत थायरॉइड गेली. उन्हाळ्यात शाल पांघरावीशी वाटू लागली, पायऱ्या चढताना पाय ओढत गेले, आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की वाढणारे संप्रेरक, भरमसाट वाढलेले निघाले. हा परिणाम दहातल्या एकाच्या आसपास दिसतो आणि सहसा कायमचा असतो. तेव्हापासून रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्झिनची गोळी चालू आहे. थायरॉइड बिघडणे म्हणजे औषध लागू पडल्याची खूण, असे इतर रुग्णांकडून ऐकायला मिळते. बाईंनी मात्र तसा निष्कर्ष काढू नका, असे स्पष्ट सांगितले.

त्या वर्षभरात बातम्यांची रीघ लागली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेने लिफिल्युसेल मान्य केले. यात रुग्णाच्या गाठीतल्याच टी-पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत अब्जावधींनी वाढवून परत देतात, आणि इतर औषधे हरलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३१ टक्क्यांत गाठी आकसल्या. जूनमध्ये ‘नाडिना’ चाचणीचा निकाल आला : ग्रंथी हाताला लागण्याइतक्या वाढलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधीच इपिलिमुमॅब आणि निव्होलुमॅब या दोन्ही औषधांचे दोन हप्ते दिले, तर एक वर्षानंतर ८४ टक्के सुखरूप होते, आणि आधी शस्त्रक्रिया, नंतर औषध या क्रमाने ५७ टक्के. गाठ शरीरात असतानाच टी-पेशींना ती नीट ओळखता येते, हे त्यामागचे कारण. माझ्या ग्रंथीतला पुंजका ०.४ मिलिमीटरचा, त्यामुळे हा क्रम मला लागू नव्हता. पण माझ्यासारख्या निदानाने आज जो कोणी ग्रंथी हाताला लागत असताना डॉक्टरांकडे जाईल, त्याने चाकूची घाई करण्यापूर्वी हा क्रम जरूर विचारावा.

सर्वाधिक विचारणा झाली ती ‘कर्करोगाच्या लसी’ची. मॉडर्ना आणि मर्क या कंपन्यांची ही एमआरएनए लस प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनते : त्याच्या गाठीतील उत्परिवर्तने वाचून जास्तीत जास्त ३४ लक्ष्ये निवडायची आणि त्यांचा संदेश टोचायचा. १५७ रुग्णांच्या चाचणीत पेम्ब्रोलिझुमॅबला तिची जोड दिल्यावर रोग परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी घटला, आणि पुढची मोठी चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली. माझ्या मनात आले ते एवढेच की, ज्या गाठीत उत्परिवर्तनेच कमी, तिच्यातून निवडायला लक्ष्ये किती मिळणार? बाईंना विचारले तेव्हा त्या हसून म्हणाल्या की, हा प्रश्न परीक्षेत विचारण्याजोगा आहे, पण उत्तरपत्रिका अजून आलेली नाही.

आता औषध संपले आहे. देखरेख चालू आहे : जांघेची आणि गुडघ्यामागची सोनोग्राफी दर चार महिन्यांनी, कारण ‘एमएसएलटी-२’मध्ये लक्षाखाली ठेवलेल्या गटाचे पहिल्या दोन वर्षांचे वेळापत्रक तेच होते, आणि नंतर सहा महिन्यांनी, अधूनमधून पेट स्कॅन, दर भेटीत दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखे डर्मोस्कोपखाली. शस्त्रक्रियेच्या व्रणाची कड मी स्वतः आंघोळीनंतर हातआरशात पाहते, कारण आसपासच्या कातडीत उमटणारी लहान गाठ सोनोग्राफीत निसटू शकते, डोळ्याला दिसते.

मागच्या भेटीत रुग्णालयाच्या ऊती-पेढीचा संमतिपत्राचा कागद समोर आला. माझ्या गाठीचा मेणात बसवलेला ठोकळा, उपचारापूर्वीचे आणि नंतरचे रक्त, आणि नाव वगळून सारी वैद्यकीय माहिती संशोधनासाठी वापरू द्यायची का, असा प्रश्न होता. मी सही करण्यापूर्वी विचारले की यातून भारतीय ॲक्रल मेलॅनोमाचा वेगळा अभ्यास होणार आहे का. तिथल्या तरुण संशोधिकेने सांगितले की, रुग्ण कमी असल्याने एका रुग्णालयाचे नमुने पुरत नाहीत, अनेक ठिकाणचे एकत्र करावे लागतील, आणि त्यासाठी वर्षे जातील. मी सही केली. शिवाय निदानापूर्वी त्या जागेवर खरवडणे, जाळणे, कॉर्न कॅप असे काही झाले होते का, हा प्रश्न अर्जात नव्हता. तो घालावा, असे तिला सुचवून आले. तिने तो समासात लिहून घेतला.